मागच्या चाकाच्या कमानीला गंज: घरी काढता येईल का?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. गाडी 2013 ची हॅचबॅक, रंग सिल्व्हर मेटॅलिक. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर, कडेपासून दोन बोटं वर, रंग फुगला आहे. चार-पाच फोड आहेत, सगळे मिळून तळहाताएवढी जागा. एक फोड नखाने उचकटला तर खाली तपकिरी भुकटी आणि ओलसर पत्रा. गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये असते आणि वर्षातून दोन-तीनदा ताम्हिणीमार्गे कोकणात जाते. माझ्याकडे ड्रिल, तारेचा ब्रश आणि हेअर ड्रायर आहे, कॉम्प्रेसर नाही.

गंज घासून, रस्ट कन्व्हर्टर (गंजाला थोपवणारं रसायन) लावून, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरून वर स्प्रे कॅन मारला तर टिकेल का? आणि सप्टेंबर चालू आहे, अजून सरी येतात. आत्ता करावं की दिवाळीनंतर?

पत्राकाम

टिकेल, पण दोन गोष्टी सांभाळल्या तर. पत्र्याला आरपार भोक नसावं आणि कमानीच्या आतल्या बाजूचा चिखल निघालेला असावा. गंज बाहेरून दिसतो, पण या जागी तो बहुतेक वेळा आतून आलेला असतो. कमानीच्या कडेला बाहेरचा आणि आतला पत्रा एकमेकांवर दुमडलेला असतो. त्या खाचेत माती अडकते, माती ओल धरून ठेवते, त्यात कोकणातलं मीठ आलं की पत्रा खायला सुरुवात होते. म्हणून आधी चाक काढा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कमानीत डोकं घालू नका, खाली स्टँड हवाच. आतलं प्लॅस्टिकचं लायनर असेल तर उतरवा, खाच पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धुऊन दोन दिवस उन्हात वाळू द्या.

मग छोट्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक फोडांच्या जागी आणि आजूबाजूला दाबून बघा. बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे त्यात फार काही खायला शिल्लक नसतं. टोक आत गेलं तर पुढचं वाचू नका, तिथे वेल्डिंग लागेल.

टणक लागला तर 80 नंबरच्या सँडपेपरने घासा. ड्रिलवरच्या तारेच्या ब्रशवर विसंबू नका. तो गंजावरून फिरून त्याला चकाकी आणतो, पत्रा स्वच्छ झाल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यांमधले काळे ठिपके तसेच राहतात. ते ठिपके म्हणजे जिवंत गंज, टोकदार स्क्रेपरने खरवडून काढा. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (घासायची चकती) लावून एकाच जागी दाबून धरलीत तर पत्रा तापून वाकेल. प्रत्येक बाजूने किमान 3 सेंटिमीटर चांगला, घट्ट रंग लागेपर्यंत घासत जा. फोडाच्या कडेला रंगाखाली गंज पसरलेला असतो, तिथे थांबलात तर पुढच्या पावसाळ्यात त्याच रेषेवर पुन्हा फुगे दिसतील. शेवटी 180 च्या पेपरने रंगाची कड उतरती करा, बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये.

आता वेळेबद्दल. अख्खं काम आत्ता करू नका. दोन-तीन दिवस कोरडे मिळाले तर एवढंच करा: घासा, थिनरने पुसा, हेअर ड्रायरने पत्रा कोमट होईपर्यंत वाळवा आणि दोन डब्यांतून मिसळून घ्यायचा इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा थर) ब्रशने दोन हात लावा. एवढ्या जागेला 100 मिली पुष्कळ झाला. मिश्रणाचं प्रमाण कंपनीप्रमाणे बदलतं, डब्यावरचंच पाळा. मिसळल्यावर डब्यावर सांगितलेली 15-20 मिनिटं थांबून मगच लावा. यावर गाडी नोव्हेंबरपर्यंत निर्धास्त चालवा. लांबी मात्र आत्ता अजिबात नको, ती स्पंजसारखी पाणी पिते.

वॉटरपेपर

वरचं सगळं पटलं. फक्त रेड ऑक्साइड प्रायमरबद्दल सावध करतो, कारण हार्डवेअरवाला इपॉक्सीऐवजी तोच हातात ठेवेल. लोखंडी गेटचा रेड ऑक्साइड गाडीवर लावला आणि वर स्प्रे कॅन मारला की कॅनमधला थिनर खालचा थर मऊ करतो आणि रंग सुरकुततो. मग सगळं पत्र्यापर्यंत खरवडावं लागतं. पुण्यात नाना पेठेत गाड्यांच्या रंगाच्या दुकानात विचारा, इपॉक्सी प्रायमर छोट्या पॅकमध्येही मिळतो. गाडीचा रंग कोडवरून मिसळून घ्या. तो कोड दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. नुसतं 'सिल्व्हर' म्हणून आणलेला कॅन जुळणार नाही.

सिल्व्हरमध्ये आणखी एक अडचण आहे. तोच रंग ओला, जाड बसला तर गडद दिसतो आणि लांबून कोरडा मारला तर उजळ दिसतो. म्हणून कॅन 20-25 सेंटिमीटरवर, पत्र्याला समांतर फिरवा, मनगट वळवू नका. तीन पातळ हात, मधे 10-15 मिनिटं. रंग कमानीवरच्या बॉडीच्या रेषेपर्यंत नेऊन तिथे विरू द्या, मधेच टेपची सरळ कड ठेवलीत तर चौकोनी ठिगळ लांबूनही दिसेल. आधी तेच तीन हात पत्र्याच्या तुकड्यावर मारून, वाळल्यावर उन्हात गाडीशेजारी धरून बघा.

घाटवाट

मी रस्ट कन्व्हर्टर वगळणार नाही. खड्ड्यांतला गंज शंभर टक्के हाताने निघत नाही. घासून झालं की कन्व्हर्टर लावायचा, काळा पडला की थेट लांबी. इतकं सोपं आहे.

पत्राकाम

कन्व्हर्टरला विरोध नाही, 'थेट लांबी'ला आहे. फॉस्फोरिक आम्लाच्या कन्व्हर्टरचा अंश पत्र्यावर राहिला तर पॉलिस्टर लांबी नीट पकडत नाही, कडेने सुटते. इपॉक्सीचंही तेच. वापरायचाच तर फक्त खड्ड्यांपुरता ब्रशने लावा, 15-20 मिनिटं ओलाच ठेवा, वाळू देऊ नका, मग भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच ड्रायरने वाळवा. पत्रा ओला राहिला तर अर्ध्या तासात पिवळी झाक येते. ती आली तर 180 ने पुन्हा घासा. टॅनिक आम्लाचा काळा पडणारा कन्व्हर्टर धुवायचा नसतो, पण त्याच्यावर कोणता प्रायमर चालतो ते बाटलीवर वाचल्याशिवाय लावू नका. आणि कुठलाही कन्व्हर्टर पातळ गंजच बदलतो. पोपडा असेल तर वरचा थर काळा होतो आणि खाली गंज चालूच राहतो.

आधी इपॉक्सी, मग लांबी, हा क्रम मी सोडणार नाही. लांबी उघड्या पत्र्यावर बसली की तिच्यातून झिरपलेलं पाणी सरळ लोखंडाला भिडतं. इपॉक्सीवर किमान 24 तासांनी 180 चा पेपर मारून लांबी भरा. 100 ग्रॅम लांबीला 2 ग्रॅम हार्डनर (तिला घट्ट करणारी पेस्ट), म्हणजे गोल्फच्या चेंडूएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा. 'लवकर सुकेल' म्हणून जास्त घातला तर त्याचा डाग नंतर रंगातून वर येतो. पुण्याच्या दुपारी चार-पाच मिनिटांत गोळा घट्ट होतो, थोडं थोडंच कालवा. 2 मिलिमीटरपेक्षा जाड थर नको.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे आभार. चाक काढून खाच धुतली, ओंजळभर माती निघाली. फोडांच्या जागी पत्रा टणक आहे. पण अगदी खालच्या कडेला, दुमडीजवळ, टोक आत गेलं. हरभऱ्याच्या डाळीएवढं भोक आहे. फायबरचं कापड आणि रेझिन लावून भागेल?

वॉटरपेपर

भोक आत्ता डाळीएवढं आहे, घासल्यावर रुपयाएवढं होईल, कारण त्याच्या भोवतीचा पत्रा कागदासारखा झालेला असतो. फायबर वरून झाकतं, पण मागची बाजू गंजतच राहते आणि एक-दोन पावसाळ्यांत तुकडा लांबीसकट सुटतो. तेवढं काम डेंटरकडून (गाडीचं पत्राकाम करणाऱ्याकडून) करून घ्या. कुजलेला भाग कापून त्याच मापाचा पत्रा थोड्या थोड्या टाक्यांनी वेल्ड करायला सांगा, सलग वेल्ड मारला तर कमान तापून वेडीवाकडी होते. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली असू द्या. मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी आणि तिचा भरण्याचा पाइप कुठे आहे हे तुम्ही स्वतः बघून डेंटरला दाखवा. वेल्डवर इपॉक्सी आणि जोडावर सीम सीलर (जोड बुजवणारा लेप) लागला पाहिजे, नुसती लांबी थापू देऊ नका.

बाकी घासणं, प्रायमर, रंग घरी करा, पैसे तिथेच वाचतात.

पत्राकाम

नोव्हेंबरच्या कामासाठी: सकाळी गाडीवर दव असतं, दहाच्या आधी सुरू करू नका आणि तीनपर्यंत रंग संपवा. दमट हवेत थिनर उडताना पत्रा गार होतो, त्यावर बाष्प बसतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. लांबी 80 ने आकारात आणून 180, मग 320 ने घासा, वर पुन्हा प्रायमर, तो 600 च्या वॉटर पेपरने. रंगाआधी रॉकेलने पुसू नका. त्याचा तेलकट थर राहतो आणि रंगात छोटे गोल खळगे पडतात. डॅशबोर्ड पॉलिशचा हात लागला तरी तेच. क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) साध्या कॅनचा घ्या. हार्डनरवाल्या क्लिअरची वाफ फुप्फुसांना घातक असते, कापडी मास्कने ती अडत नाही. शेजारच्या गाड्या हलवायला सांगा, तुषार दहा फुटांवरही बसतात.

क्लिअरला आठवडा द्या, मग 2000 च्या पेपरने हलकं घासून कंपाउंड (चकाकी आणायची पेस्ट) फिरवा. शेवटी दुमडीच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा, पण पाणी निघायची भोकं बुजवू नका. कोकणातून आलात की त्याच दिवशी कमानीच्या आतून साध्या पाण्याचा पाइप फिरवा.