फँटसी मालिका कुठे अडकते आणि कशी सोडवायची?

पानखूण
कपाट आवरताना 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला घडीचा नकाशा खाली पडला, घडीवर चिरलेला. म्हणून हा धागा. लोक या मालिका सोडतात त्या ठरलेल्या जागीच. इथली पहिली म्हणजे टॉम बॉम्बाडिल. काळे स्वार मागावर आहेत आणि हा बाबा गाणी म्हणत येतो! तरी ती प्रकरणं गाळू नका. त्यातच पुढे थडग्यांचा माळ लागतो, तिथे मेरी नावाच्या सोबत्याला खंजीर मिळतो आणि तोच तिसऱ्या खंडात एकाच्या गुडघ्यामागे बसतो. दुसरी जागा दुसऱ्या खंडाची. पहिल्या अर्ध्यात फ्रोडो-सॅम ही मुख्य जोडी नाहीच, दुसऱ्यात तेच. कोण कधी कुठे होतं हे परिशिष्ट 'बी'मध्ये तारीखवार आहे, पण शेवट कळलेला चालत असेल तरच उघडा.

चष्मिस
गुडघा सांगून टाकलात की ओ 😡

पानखूण
1955 सालचं पुस्तक आहे हो. कोणाचा गुडघा ते कुठे सांगितलं?

रात्रपाळी
व्हील ऑफ टाइम. 14 खंड, वर एक पूर्वकथा. ती आधी वाचू नका, पहिल्या खंडातली अर्धी कोडी फुटतात. सातव्यापासून चाल मंदावते आणि दहाव्यात गाडी रुततेच. कारण सरळ आहे: नवव्याच्या शेवटी जे प्रचंड काही घडतं, त्याच वेळी बाकीचे काय करत होते हे दहाव्यात सांगत बसलेत. निकाल आपल्याला माहीत आणि पात्रं अजून तिकडे बघतायत. दहावा सारांशावर उरका, काही बिघडत नाही. अकराव्यात पुन्हा जोर येतो. लेखक जॉर्डन 2007 मध्ये गेले, शेवटचे तीन सँडरसन या दुसऱ्या लेखकाने त्यांच्या टिपणांवरून पुरे केले. भाषा बदललेली लगेच कळते, विशेषतः मॅट या पात्राचे विनोद.

डुलकी
त्यातल्या एका बाईचं सारखं वेणी ओढणं धरलंत का हिशोबात? ते काढलं तर 12 खंडांत आटपेल 😂

चष्मिस
'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मार्टिनचा सहावा खंड आला का? (कुकर लावलाय, पटकन सांगा)

रात्रपाळी
नाही. चौथा-पाचवा वाचताना एवढंच ध्यानात ठेवा, दोन्ही बराचसा एकाच काळात चालतात, फक्त पात्रं वाटून घेतलीत. चौथ्यात जॉनच्या नजरेतून एकही प्रकरण नाही, टिरियन आणि डेनेरिस तर पाचव्यातच. पाचव्याच्या उत्तरार्धात चौथ्यातली माणसं परत येतात. ते माहीत नसलं की चौथा फसवल्यासारखा वाटतो.

डुलकी
नार्निया 'सिंह, चेटकीण आणि कपाट'पासूनच सुरू करा. नव्या संचांवर 'जादूगाराचा पुतण्या' पहिला छापतात, पण तो आला सहावा, 1955 मध्ये. तो आधी वाचला की बर्फात पेटलेल्या दिव्याच्या खांबाची सगळी गंमत गेली.

पानखूण
नार्नियाच्या लुईसने स्वतः एका मुलाला पत्रात लिहिलं होतं की कालक्रमच बरा.

डुलकी
लेखकाचं सगळंच ऐकायचं नसतं.

पोस्टकार्ड
नावांसाठी: जाड कार्डाची खूण करा. त्यावर नाव, घराणं, शेवटचा कुठे दिसला. तीनच गोष्टी, जास्त लिहिलं की कार्ड भरतं आणि कोणी बघत नाही. नाव नेटवर शोधू नका, पहिल्याच ओळीत तो मेलेला असतो. ई-पुस्तकात आतलाच शोध वापरा, पण यादीतल्या मागच्या पानांच्याच नोंदी बघा. नकाशा तिथे वाचता येत नाही, मोठा करून फोनवर ठेवा.
आणि टोल्किनमधला 'सी' म्हणजे नेहमी 'क'. केलेबॉर्न! सेलेबॉर्न नव्हे.

चष्मिस
पानखूण, त्या नकाशाला सेलोटेप लावू नका हं. पिवळी पडते, चिकटा कागदात मुरतो, मग निघत नाही. मागून पातळ टिश्यूची बोटभर पट्टी आणि मैद्याची खळ, अगदी पातळ. जाड झाली की वाळताना कागद आखडतो. वर मेणकागद, त्यावर वजन, रात्रभर.

पानखूण
वजनाला व्हील ऑफ टाइमचा दहावा ठेवते.

रात्रपाळी
शेवटी कामाला आला म्हणायचा.