बालविवाहाच्या नोंदणीला मुभा देणारं विधेयक: विरोध नेमका कशाला करायचा?

माळरान:
राजस्थान विधानसभेने 17 सप्टेंबर 2021ला विवाह नोंदणी दुरुस्ती विधेयक मंजूर केलं होतं. वधू 18च्या आत किंवा वर 21च्या आत असेल, तर आईवडिलांनी लग्नापासून 30 दिवसांत नोंदणी करायची. सरकार म्हणत होतं, 'नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे.' अभ्यासवर्गात विरोधी बाजू मांडायची आहे. पक्का मुद्दा कोणता?

कलमकसाई:
आधी काय म्हणू नये ते सांगतो. 'बालविवाह कायदेशीर केला' असं म्हणालात तर पहिल्याच उत्तराला आडवे व्हाल. राजस्थानच्या 2009च्या मूळ नोंदणी कायद्यातही 21 वर्षांखालच्यांची नोंदणी पालकांवरच होती. म्हणजे भोक जुनंच आहे.

खरा मुद्दा 2006च्या केंद्रीय बालविवाह प्रतिबंध कायद्यात आहे. कलम 3नुसार बालविवाह आपोआप शून्य (म्हणजे झालाच नाही असा) होत नाही. ज्याचं लग्न लहानपणी लागलं त्यानेच सज्ञान होऊन दोन वर्षं पूर्ण होण्याआधी न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्यायचा. मुलीच्या हातात वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतच वेळ. तेवढ्यात घरात सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र असेल तर 'आता कागद झालाय' हे एकच वाक्य तिला गप्प करायला पुरतं.

दुसरं, कलम 11खाली लग्न लावून देणारे पालकच दोषी: दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड (बाईला कैद नाही). त्यांनीच येऊन नोंद करावी ही अपेक्षा! एक तर कोणी फिरकणार नाही, नाहीतर नोंद घेणारा विवाह निबंधक डोळेझाक करणार.

गोदाकाठ:
पण नोंदच नसेल तर मुलगी लग्न सिद्ध कसं करणार? पोटगीचं काय, नवरा गेला तर?

कलमकसाई:
प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर त्याच कायद्यात आहे. रद्द करण्याच्या दाव्यात कलम 4खाली तिला पुनर्विवाहापर्यंत पोटगी आणि राहण्याची सोय मागता येते. कलम 6प्रमाणे मुलं औरसच. पुराव्याला लग्नपत्रिका, फोटो, मंडपवाल्याची पावती, भटजीची साक्ष चालते. वयासाठी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. नोंद हवीच असेल तर ती बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याच्या रजिस्टरला व्हावी, प्रमाणपत्राविना.

सुपारी_फुटली:
आपल्याकडची गंमत बघा. बऱ्याच गावांत विवाह निबंधक ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक), आणि प्रतिबंधक अधिकारीही तोच. राजस्थानसारखी तरतूद इथे आली तर एका हाताने थांबवायचं नि दुसऱ्याने शिक्का मारायचा.

असं विधेयक आलं तर निवेदन राज्यपालांना द्यावं. अनुच्छेद 200खाली ते विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. राजस्थानात गोष्ट त्याच वळणावर आली: 11 ऑक्टोबर 2021ला तेव्हाचे मुख्यमंत्री गेहलोतांनीच विधेयक परत पाठवण्याची विनंती राज्यपालांना करू, असं जाहीर केलं. निवेदनात नुसता निषेध नको. विधेयकातल्या खंडाचा क्रमांक, त्यातला शब्द, आणि तो केंद्रीय कायद्याच्या कोणत्या कलमाला छेद देतो ते लिहा. विवाह समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात अशा विषयांत) आहे, त्यामुळे अशा दोन कायद्यांतल्या विसंगतीचा अनुच्छेद 254ही जोडा. कर्नाटकाने 2016च्या दुरुस्तीत बालविवाह मुळातच शून्य ठरवला. पर्याय म्हणून तो मसुदा पुढे करता येईल.