रुग्णवाहिकेतून लॅरिंगोस्कोप काढून टाकावा काय?

धंतोलीचा भूलतज्ज्ञ
काल येथे एका सदस्याने लिहिले की, घशात सरकवले की स्वरयंत्राच्या तोंडावर बसणारे आय-जेल हाताशी असताना रुग्णवाहिकेत श्वासनलिकेत ट्यूब टाकणे ही निव्वळ मर्दुमकी आहे आणि ती टाकताना घशात उजेड पाडून वाट दाखवणारा लॅरिंगोस्कोप गाडीतून उतरवला पाहिजे. आधार म्हणून त्यांनी २०१८ चा इंग्लंडमधील एअरवेज-२ हा अभ्यास दिला. तो मीही वाचला आहे. त्यात ९,२९६ रुग्ण होते आणि बऱ्या अवस्थेत वाचलेल्यांचे प्रमाण आय-जेल गटात ६.४, तर ट्यूबच्या गटात ६.८ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते, हे मान्य. परंतु ते सगळे हृदय बंद पडलेले रुग्ण होते. काटोल-सावनेरकडून येणारा, फवारणीचे औषध प्यायलेला शेतकरी त्यांत नव्हता. त्याच्या तोंडातून फेस वाहत असतो, श्वासनलिका आवळून पाण्याने भरलेल्या असतात आणि हवा आत ढकलायला इतका दाब लागतो की ती आय-जेलच्या कडेने निसटते. पोटातले वर आले, तर फुग्याची ट्यूब जेवढे अडवते तेवढे आय-जेल अडवत नाही. अशा रुग्णाचे काय करायचे, हे त्या लेखकाने सांगावे.

गाडीवरचा बीएएमएस
सर, तो लेखक मीच. विषबाधेचा मुद्दा घ्या, तो तुमचा. पण अर्धवट शुद्धीतल्या, दातखीळ बसलेल्या माणसाला ट्यूब तरी कशी जाते? स्नायू सैल करणारे औषध माझ्या पेटीत नाही, आणि ते दिल्यावर ट्यूब गेली नाही तर मदतीला धावणारे दुसरे कोणी गाडीत नसते. बुटीबोरीच्या अलीकडे एका रात्री मी लॅरिंगोस्कोप उघडला तेव्हा दिवा विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लाल दिसत होता. सेल काढून पँटला घासले, पुन्हा घातले, दोनदा प्रयत्न केला. तेवढा वेळ छाती दाबणे थांबले होते. मग चार नंबरच्या आय-जेलच्या पाठीला जेली लावली, ते टाळूला टेकवून आत सरकवले, आणि छाती वर आली. याला मर्दुमकी म्हणायचे की नाही ते तुम्ही ठरवा. आम्हा आयुर्वेदवाल्यांना तसेही कोणी विचारत नाही.

धंतोलीचा भूलतज्ज्ञ
तुमच्या पदवीचा विषय मी काढलेला नाही, तो तुम्हीच काढलात. सेल तपासलेले नसणे हा लॅरिंगोस्कोपचा दोष कसा? औषधाबाबत मात्र तुमचे खरे आहे. शिवाय या विषबाधेत स्नायू सैल करायला सक्सिनाइलकोलीन दिले तर ते तासन्‌तास उतरत नाही, म्हणून आम्हीही त्याऐवजी रोक्युरोनियम वापरतो.

रात्रपाळीची सिस्टर
दोन्ही डॉक्टरांची क्षमा मागून लिहिते. तुमचे आय-जेल येते कुठून, हे कोणी पाहिले आहे का? मी पूर्वी जेथे काम करत होते तेथे पाकिटावर 'एकदाच वापरा' असे छापलेले आय-जेल ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवून, नळाखाली धुऊन, बेसिनवरच्या खिळ्याला टांगले जात असे. एकाच्या कडेला दातांचे व्रण होते. मी तक्रार केली, तेव्हा माझी ड्युटी बदलली.

खरेदी समितीतला
सिस्टर, आय-जेलच्याच जातीचा, घशात बसवायचा मूळ मास्क, म्हणजे एलएमए, जो आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये प्रथम रुग्णावर वापरला, तो चाळीस वेळा वापरता येत असे. तेव्हा कोणाला काही वाटले नाही. प्रत्येक वेळी नवा तुकडा फोडायचा तर पैसे कोण देणार?

रात्रपाळीची सिस्टर
तो सिलिकॉनचा होता आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, टाकता येत होता. आय-जेल वेगळ्या मऊ पदार्थाचे आहे. ते ऑटोक्लेव्हसाठी नाही. खरेदी करणाऱ्याला एवढे ठाऊक नसेल, तर आम्ही कोणाशी बोलायचे?

खरेदी समितीतला
आवाज चढवण्याचे कारण नाही.

गाडीवरचा बीएएमएस
कारण आहे, साहेब. ते दातांचे व्रण आधीच्या रुग्णाचे होते.

धंतोलीचा भूलतज्ज्ञ
सिस्टरांशी मी सहमत आहे, आणि खरेदीवाल्यांना एवढेच विचारतो की कॅप्नोग्राफच्या, म्हणजे बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राच्या, मागणीपत्राचे काय झाले? गाडीतून आलेल्या एका रुग्णाचे पोट मी नगाऱ्यासारखे फुगलेले पाहिले. ट्यूब अन्ननलिकेत होती. सोबतचे डॉक्टर म्हणाले, नळीत वाफ दिसली होती. वाफ अन्ननलिकेतूनही दिसते. पडद्यावर कार्बन डायऑक्साइडची लाट येत नसेल, तर ट्यूब चुकली असे धरून ती काढायची असते. छाती दाबणे चालू असतानाही छोटी का होईना, लाट येते.

गाडीवरचा बीएएमएस
म्हणजे कॅप्नोग्राफ नसलेल्या गाडीत ट्यूब टाकू नये, हे तुम्हीच म्हणालात. मी काल याहून वेगळे काय लिहिले होते?

धंतोलीचा भूलतज्ज्ञ
काल तुम्ही 'लॅरिंगोस्कोप उतरवा' असे लिहिले होते. घशात अडकलेला सुपारीचा तुकडा मॅगिल चिमट्याने काढताना काय टॉर्च धरणार? लॅरिंगोस्कोप गाडीत राहील. ट्यूबबाबत, कॅप्नोग्राफ येईपर्यंत, तुमचे म्हणणे चालेल, आनंद माना.

गाडीवरचा बीएएमएस
मानला. सेल मी स्वतःच्या पैशाने घेतले आहेत, पावती खरेदी समितीकडे पाठवतो.