प्रेडनिसोलोन थांबवताना सकाळच्या कॉर्टिसॉलचा आकडा कसा वाचायचा?

शेवंता
दोन-तीन महिने प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) घेतलेल्या रुग्णाचा डोस ५ मिलिग्रॅमवर आला, की बरेच डॉक्टर रक्तातलं सकाळी आठचं कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड संप्रेरक) तपासायला सांगतात. आकडा ४ आला की घरचे धास्तावतात: ग्रंथी कायमच्या गेल्या का? बिघाड नेमका कुठे असतो, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत की मेंदूत? आणि पुढची गोळी कशावर ठरते?

कोकणकडा
सुरुवात मेंदूतूनच होते. तिथला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. ते एका खास रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या पुढच्या भागात पोचतं, तिथून एसीटीएच हे ॲड्रिनलला हुकूम देणारं संप्रेरक रक्तात उतरतं आणि ॲड्रिनलच्या बाहेरच्या आवरणातला मधला थर कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल बनवतो. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच वरच्या दोघांना थांबवतं. गोळीतलं स्टेरॉइडही हेच करतं.

शरीर दिवसाला जेवढं कॉर्टिसॉल बनवतं, ते साधारण ४-५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ डोस त्याच्या वर राहिला, तर एसीटीएच येईनासं होतं आणि त्याच्याविना तो थर आक्रसतो. म्हणजे ग्रंथी थकलेली नसते, तिला हुकूमच मिळत नसतो. 'ॲड्रिनल फटीग' नावाचं निदान एंडोक्रायनॉलॉजी (संप्रेरकांचं वैद्यकशास्त्र) मानत नाही, त्यासाठीच्या पावडरींवर पैसे घालवू नयेत. परत येतानाही आधी एसीटीएच जागं होतं, ग्रंथी मागून. याला काही महिने, कधी वर्षही लागतं.

दुपारची_ओपीडी
आकड्यांबद्दल. नमुना सकाळी ८ ते ९ दरम्यान, आदल्या गोळीला २४ तास झाल्यावर आणि त्या दिवशीची गोळी घेण्याआधी. हे फार चुकतं. गोळी घेऊन गेलात तर बऱ्याच लॅबच्या पद्धतीत प्रेडनिसोलोनच कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं आणि आकडा खोटा चांगला येतो. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेननेही एकूण कॉर्टिसॉल वाढलेलं दिसतं. रात्रपाळीवाल्यांना आठची वेळ लागू नाही, त्यांची उठण्याची वेळ धरा.

मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये १० च्या वर: यंत्रणा सावरली, गोळी थांबवता येते. ५ च्या खाली: तोच डोस ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. मधे असेल तर तोच डोस चालू ठेवून काही आठवडे-महिन्यांनी पुन्हा पाहतात, किंवा २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच टोचून ३० आणि ६० मिनिटांनी कॉर्टिसॉल बघतात. रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असेल तर २७.६ ने भागा. तपासणीविना उतरायचं असेल तर ५ मिलिग्रॅम डोसच्या खाली दर चार आठवड्यांना १ मिलिग्रॅम, त्याहून घाईने नाही.

शेवंता
सोडियम-पोटॅशियम नॉर्मल असेल तर धोका नाही, असं समजायचं का?

कोकणकडा
नाही, तिथेच फसगत होते. सोडियम-पोटॅशियम सांभाळणारं ॲड्रिनलचं संप्रेरक अल्डोस्टेरॉन मुख्यतः मूत्रपिंडातून येणाऱ्या रेनिनच्या ताब्यात असतं, एसीटीएचच्या नाही. म्हणून या प्रकारात पोटॅशियम सहसा ठीक राहतं आणि कातडीही काळवंडत नाही. पोटॅशियम वाढणं, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळ्या पडणं ही ॲडिसन या आजाराची खूण, जिथे ग्रंथीच नष्ट झालेली असते. आपल्याकडे त्यामागे क्षयरोग असू शकतो, हे विसरू नये.

'मी स्टेरॉइड घेतच नाही' हे उत्तरही तपासून पाहा. गजकर्णासाठी महिनोन्‌महिने लावलेलं क्लोबेटासॉल या स्टेरॉइडचं मलम, गुडघ्यातलं इंजेक्शन, सांधेदुखीचं बिननावाचं चूर्ण, सगळं मोजा. इनहेलरमध्ये ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड असेल आणि त्याच वेळी बुरशीसाठी इट्राकोनॅझोल चालू असेल, तर यकृत स्टेरॉइड मोडू शकत नाही आणि इनहेलरचा साधा डोसही यंत्रणा दाबतो.

दुपारची_ओपीडी
आकडा ५ च्या खाली असलेल्यांच्या घरच्यांनी एवढं पाठ करावं: ताप आला तर प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, ताप उतरेपर्यंत. आधीच दिवसाला १० मिलिग्रॅम किंवा जास्त चालू असेल तर सहसा वाढवावी लागत नाही. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल, ग्लानी असेल, रक्तदाब घसरला असेल, तर उद्याची वाट बघू नका: हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाइन, लगेच. ऑपरेशन असो की दाढ काढणं, स्टेरॉइड चालू असल्याचं आधी सांगा आणि पाकिटात तशी चिठ्ठी ठेवा.