मदत हवी आहे: लीज ८१ वर्षं उरलीय, फ्लॅट घेऊ का? लवकर सांगा

गोंधळलेला_स्लाऊकर, १२ नोव्हेंबर २०२५
इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट घेतोय, २,८५,००० पाउंड. लीजहोल्ड आहे, म्हणजे मालकी ठरावीक वर्षांपुरतीच. एजंट म्हणतो ८१ वर्षं उरलीत, निवांत घ्या आणि मग वाढवा, दोन वर्षं थांबायची अट आता गेलीय. सॉलिसिटरला विचारलं की 'रिपोर्टमध्ये येईल' एवढंच उत्तर. १० डिसेंबरला एक्स्चेंज (खरेदीचा करार पक्का होणं) ठरतंय. लीज आत्ता वाढवायची की नंतर? एका ओळीत सांगा प्लीज.

कागदपत्रवाला
एका ओळीत: माहिती अपुरी आहे. लीज किती वर्षांची आणि कोणत्या तारखेपासून? एजंटने सांगितलेली वर्षं धरू नका. लँड रजिस्ट्रीच्या साइटवर ७ पाउंडात टायटल रजिस्टर (मालकीची नोंद) मिळतं, त्यात बघा. ग्राउंड रेंट (जमीनमालकाला दरवर्षी द्यायचं भाडं) किती आणि पुढे कसा वाढतो? इमारत किती मजली? मॉर्टगेज आहे का?

वाशीकर_मूळचा
एवढं घाबरायचं काय त्यात? अख्खी नवी मुंबई सिडकोच्या ६० वर्षांच्या लीजवर उभी आहे. लोक विकतात, घेतात, कर्जं मिळतात. तुमची तर ८१ आहेत.

कागदपत्रवाला
@वाशीकर, तिथे जमीनमालक सरकारी महामंडळ आहे. मुदत वाढवणं, हस्तांतर शुल्क हे सगळं धोरणावर चालतं. इंग्लंडमध्ये फ्रीहोल्डर (जमीन-इमारतीचा मूळ मालक) बहुतेकदा खाजगी असतो आणि लीज वाढवून घेण्याचा हक्क १९९३ च्या कायद्याने दिलेला आहे. किंमतही त्याच कायद्याच्या हिशेबाने ठरते, आणि त्या हिशेबात ८० हा आकडा फार महाग पडतो.

गोंधळलेला_स्लाऊकर
रजिस्टर काढलं. ९९ वर्षं, २५ मार्च २००७ पासून. ग्राउंड रेंट २५०, हे चालेल ना? मॉर्टगेज आहे. आता सांगा.

कागदपत्रवाला
म्हणजे ८१ नाहीत, ८० वर्षं आणि चार महिने. २५ मार्च २०२६ ला ती ८० वर येते. 'पासून' म्हटल्यावर तो दिवस धरायचा की नाही यावर वकील भांडत बसतात, तेव्हा त्या काठावर जायचंच नाही.

फ्रीहोल्डरला लीज वाढवण्याची नोटीस देण्याच्या दिवशी ८० वर्षांपेक्षा जास्त उरली असतील तर मॅरेज व्हॅल्यू (लीज वाढल्याने एकूण किमतीत पडणारी भर) शून्य धरतात. बरोबर ८० किंवा कमी असतील तर तिचा निम्मा भाग फ्रीहोल्डरला द्यावा लागतो. नुसता हिशेब कळावा म्हणून आकडे: लांब लीजवर फ्लॅट ३,००,००० चा, छोट्या लीजवर २,८५,००० चा. फरक १५,०००. त्यातून फ्रीहोल्डरच्या नुकसानीचे समजा ७,००० वजा केले, उरले ८,०००. नुकसानीचे ७,००० तर द्यायचेच आहेत, वर हे निम्मे ४,००० आणखी. पुढे दरवर्षी हा आकडा फुगत जातो.

पुणेरी_टोमणा
मॅरेज व्हॅल्यू म्हणजे हुंडाच की! लीज आणि फ्रीहोल्डचं लग्न लागणार, खर्च मुलीकडच्यांनी करायचा.

थांबा_जरा
कोणी हे का सांगत नाहीये की २०२४ च्या कायद्याने मॅरेज व्हॅल्यू रद्द केलीय आणि मुदतवाढ ९९० वर्षांची होणार आहे? काही फ्रीहोल्डर कोर्टात गेले होते, तेही ऑक्टोबरमध्ये हायकोर्टात हरले. शांतपणे थांबा, स्वस्तात काम होईल.

कागदपत्रवाला
कायदा झालाय, ती कलमं लागू झालेली नाहीत. आजच्या तारखेला ९० वर्षं वाढतात, ग्राउंड रेंट शून्य होतो आणि मॅरेज व्हॅल्यू जिवंत आहे. दोन वर्षं मालकीची अट मात्र ३१ जानेवारी २०२५ पासून खरंच गेली. यांच्याकडे चार महिने आहेत आणि तुम्ही त्यांना मंत्रालयाच्या भरवशावर बसवताय.

थांबा_जरा
पण मग एजंट बरोबर बोलला ना? अट गेली, तर घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी नोटीस द्यायची.

टीआर१_तज्ज्ञ
इथेच लोक अडकतात. कम्प्लिशन (पैसे देऊन ताबा घेणं) झालं तरी लँड रजिस्ट्रीत नाव लागेपर्यंत कायदेशीर भाडेपट्टेदार जुना मालकच असतो. नाव लागायला कित्येक महिने जाऊ शकतात. मधल्या काळात खरेदीदाराने स्वतःच्या नावाने नोटीस दिली तर ती अवैध ठरण्याचा मोठा धोका. जानेवारीत कम्प्लिशन झालं तर मार्चपर्यंत नाव लागेल याची खात्री कोणी देणार नाही.

मार्ग जुनाच आहे. १९९३ च्या कायद्याच्या कलम ४२ ची, म्हणजे लीज वाढवण्याची, नोटीस विकणाऱ्याने द्यायची आणि तिचा हक्क तुमच्या नावे करायचा. एक्स्चेंजच्या करारातच कलम घाला की कम्प्लिशनआधी विकणारा नोटीस देईल, तिच्यातली रक्कम तुमचा व्हॅल्युअर (मूल्यांकन करणारा) ठरवेल आणि सगळा खर्च तुम्ही द्याल. कम्प्लिशनच्या दिवशी टीआर१ या मालकी हस्तांतराच्या फॉर्मसोबतच नोटिशीच्या हक्काचं असाइनमेंट डीड (हक्क सोपवण्याचा दस्त) व्हायला हवं. दुसऱ्या दिवशीही नाही. फ्लॅट नोटिशीच्या हक्काशिवाय हस्तांतरित झाला तर नोटीस मागे घेतली असंच कायदा मानतो, आणि मग बारा महिने नवीन देता येत नाही. तोवर तुम्ही ८० च्या खाली.

नोटीस दिल्यावर फ्रीहोल्डरच्या टायटलवर तिची नोंद करून घ्या. मध्येच त्याने फ्रीहोल्ड विकलं आणि नोंद नसेल तर नवा मालक हात वर करतो.

गोंधळलेला_स्लाऊकर
एजंट म्हणतो विकणाऱ्याला ही कटकट नको आहे.

टीआर१_तज्ज्ञ
त्याला काहीच करायचं नसतं. २०१४ पासून सॉलिसिटरची सही चालते. भीती असते ती खर्चाची, कारण फ्रीहोल्डरच्या वकिलाची आणि व्हॅल्युअरची वाजवी फी नोटीस देणाऱ्यावर येते. शिवाय फ्रीहोल्डर डिपॉझिट मागू शकतो, नोटिशीतल्या रकमेच्या १० टक्के किंवा २५० पाउंड, जास्त असेल ते. दोन्हींची हमी लेखी द्या. तरीही नाही म्हणाला तर किंमत कमी करून मागा, मॅरेज व्हॅल्यूचा हिशेब समोर ठेवून.

पुढचं वेळापत्रक सॉलिसिटरच्या कॅलेंडरमध्ये आजच टाकायला लावा. उत्तर द्यायला फ्रीहोल्डरला किमान दोन महिने. त्याचं उत्तर आल्यापासून दोन महिन्यांनंतर, पण सहा महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे अर्ज. ती सहा महिन्यांची तारीख चुकली की नोटीस बाद.

सोपा_मार्ग
इतकं कशाला? फ्रीहोल्डरला सरळ फोन करा, कायद्याच्या बाहेर बोलणी करून १२५ वर्षं करून घ्या. स्वस्तात होतं, वकील नको.

कागदपत्रवाला
स्वस्त का असतं ते बघा. कायदेशीर मार्गाने ग्राउंड रेंट लगेच शून्य होतो. खाजगी सौद्यात फक्त वाढलेल्या वर्षांना शून्य ठेवायचं बंधन आहे, उरलेली ८० वर्षं जुना रेंट चालू राहू शकतो. आणि @स्लाऊकर, २५० पुढे किती होतो हे तुम्ही सांगितलंच नाहीत.

गोंधळलेला_स्लाऊकर
दर २५ वर्षांनी दुप्पट. हे महत्त्वाचं होतं का?

कागदपत्रवाला
हो! २०३२ ला ५०० होणार. बऱ्याच बँका किमतीच्या ०.१ टक्क्याच्या वर गेलेला ग्राउंड रेंट टाळतात. २,८५,००० वर ती रेघ २८५ ला येते. आज पास, सात वर्षांनी विकायला काढाल तेव्हा नापास. म्हणून वाढवायची ती कायद्याच्याच मार्गाने.

वाशीकर_मूळचा
आमच्याकडे ट्रान्स्फरला सिडकोची एनओसी आणली की झालं. इंग्रजांनी आपल्याला कायदे शिकवले म्हणतात!

एडिनबराकर
स्कॉटलंडमध्ये फ्लॅटसुद्धा सरळ मालकीचे असतात. तिकडे घ्या.

पुणेरी_टोमणा
आणि रोज स्लाऊला ऑफिसला विमानाने या.

स्टॅम्प_ड्यूटी_बघितली_का
विषय वेगळा आहे, पण भारतात तुमच्या नावावर घर आहे का?

गोंधळलेला_स्लाऊकर
पुण्यात बाबांबरोबर जॉइंट आहे. ते इथे कुठे मोजतात?

स्टॅम्प_ड्यूटी_बघितली_का
मोजतात. जगात कुठेही घर असेल किंवा कधी होतं, तर पहिल्या घराची सवलत नाही. ती असती तर ३,००,००० पर्यंत ड्यूटी शून्य. आता साध्या दराने ४,२५० पाउंड. पुण्याच्या घरातल्या तुमच्या हिश्श्याची बाजारकिंमत ४०,००० पाउंड किंवा जास्त असेल, तर पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के, म्हणजे १४,२५०. एकूण १८,५००. लग्न झालंय का? बायकोच्या नावावरचं घरही धरतात. एक्स्चेंजआधी पुण्याच्या फ्लॅटचं मूल्यांकन लेखी मागवा.

गोंधळलेला_स्लाऊकर
हे सॉलिसिटरने विचारलंच नाही!

टीआर१_तज्ज्ञ
फॉर्ममध्ये विचारलेलं असणार. 'अन्य मालमत्ता' समोर काय लिहिलंत ते बघा.

उंच_इमारत
लीज वाढवू नका! नवी लीज १४ फेब्रुवारी २०२२ नंतरची ठरते आणि क्लॅडिंगच्या (इमारतीच्या बाहेरच्या आवरणाच्या) खर्चापासूनचं संरक्षण जातं.

कागदपत्रवाला
ती चूक २०२३ च्या कायद्याने दुरुस्त झाली, जुन्या लीजच्या जागी आलेल्या लीजला संरक्षण लागू राहतं. मात्र इमारत किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजली असेल तर विकणाऱ्याकडून लीजहोल्डर डीड ऑफ सर्टिफिकेट घ्या. १४ फेब्रुवारी २०२२ ला जो मालक होता तो स्वतः तिथे राहत होता का, किंवा यूकेत त्याची तीनपेक्षा जास्त घरं होती का, यावर संरक्षण ठरतं. नंतर त्याला शोधत बसाल. एलपीई१ या लीजहोल्ड फ्लॅटच्या माहितीच्या फॉर्ममध्ये तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशेब आणि कलम २० च्या नोटिसाही (इमारतीच्या मोठ्या कामांच्या आगाऊ सूचना) बघा. मोठं काम निघणार असेल तर त्याची रक्कम विकणाऱ्याच्या पैशातून अडकवून ठेवायला सांगा.

गोंधळलेला_स्लाऊकर
सॉलिसिटरला नोटिशीचं मेल केलं. म्हणतो हे माझ्या फीमध्ये नाही, वेगळा वकील बघा. बघतोय. पुण्याचं बाबांना अजून सांगितलेलं नाही.

कागदपत्रवाला
वेगळाच बघा, हे काम रोज करणारा. आणि व्हॅल्युअर या आठवड्यात, नोटिशीत आकडा लिहावाच लागतो.
मजले किती ते अजूनही सांगितलं नाहीत.