नाताळच्या कुकीज, गव्हाशिवाय (सोसायटीच्या ग्रुपवरून)

*सायली, बी ४०२:* २४ तारखेला संध्याकाळी ६ वाजता क्लबहाऊसमध्ये मुलांचा नाताळ. केक बाहेरून येतोय. कुकीज मात्र घरी करू म्हणते. मैदा नको, गहूही नको. रेवाला चालतील अशाच करायच्या आणि सगळ्यांनी त्याच खायच्या. तिला वेगळा डबा देऊन कोपऱ्यात बसवायचं नाही. कोण कोण येणार मदतीला?

*जोशी काकू, ए १०२:* मी आहे. नाचणीच्या कर. परवाच दळून आणलंय पीठ, चांगलं दोन किलो. कॅल्शियम भरपूर असतं नाचणीत.

*निखिल, बी ६०१:* निम्मे ओट्स घाला. फायबर वाढेल.

*पाटील काका, सी २०१:* आणि साखर अजिबात नको. गूळ घाला, म्हणजे आम्हा डायबिटीसवाल्यांनाही दोन-चार घेता येतील 😀

*सेक्रेटरी:* उद्या सकाळी ७ ते १० पाणी बंद. टाकी धुणार आहेत. भरून ठेवावे.

*रेवाची आई, ए ३०१:* सायली, वाचून बरं वाटलं. काकू, रागावू नका, पण पीठ कुठल्या गिरणीतून आणलंय?

*जोशी काकू, ए १०२:* कोपऱ्यावरच्याच. स्वच्छ असते गं गिरणी.

*रेवाची आई, ए ३०१:* स्वच्छतेचा प्रश्न नाही काकू. तिथे दिवसभर गहू दळला जातो. आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ जात्यात आणि खालच्या कापडी पिशवीत राहतं, ते आपल्या नाचणीत उतरतं. तुम्हाला-मला काही फरक पडत नाही. रेवाला पडतो.
तिला सिलिअॅक आहे. गहू, जव आणि राय (rye) या धान्यांत ग्लुटेन नावाचं चिकट प्रथिन असतं, ते पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. पोट दुखलं नाही तरी आत नुकसान होत असतं, म्हणून ‘एवढ्याशानं काय होतंय’ हे तिच्या बाबतीत खरं नाही. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमानं किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. २० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटसुद्धा नाही.

*जोशी काकू, ए १०२:* अगं बाई. मग गिरणीवाल्याला आधी मूठभर नाचणी दळून बाजूला काढायला सांगितलं तर?

*रेवाची आई, ए ३०१:* त्याची खात्री नाही देता येत. आम्ही अख्खी नाचणी आणतो, निवडतो, धुऊन वाळवतो आणि मिक्सरला दळतो. नाचणीचा दाणा मोहरीएवढा, त्यामुळे चुकून गव्हाचा दाणा आला असेल तर ताटात पसरल्यावर लगेच दिसतो. चाळणी वेगळी हवी. तुमच्या कणकेची चाळणी उलटी करून जाळी जिथे पत्र्यात दुमडलेली असते तिथे बघा. कितीही घासली तरी पांढरी रेघ राहतेच.

*जोशी काकू, ए १०२:* बघितली. आहे रेघ.

*निखिल, बी ६०१:* पण ओट्समध्ये गहू कुठे असतो?

*रेवाची आई, ए ३०१:* मुळात नसतो. पण शेतापासून कारखान्यापर्यंत ते गव्हा-जवाच्या सोबतीनं येतात. तपासलेले, ग्लुटेन-फ्री लिहिलेले ओट्स मिळतात, पण सिलिअॅकच्या काही लोकांना तेही सोसत नाहीत. मुलांच्या पार्टीत प्रयोग नको.

*निखिल, बी ६०१:* 👍 बदाम माझ्याकडून.

*डॉक्टर, बी २०३:* पाटील काका, तुमच्यासाठी. गूळ म्हणजे साखरच. १०० ग्रॅम साखरेत ४००च्या आसपास कॅलरी, गुळात ३८०च्या. रक्तातली साखर दोन्हींनी चढते. चवीसाठी गूळ घाला, खुशाल घाला. डायबिटीसला चालतो म्हणून नको.

*पाटील काका, सी २०१:* मग मी रोज चहात गूळ घालतो त्याचं काय?

*डॉक्टर, बी २०३:* ते ग्रुपवर नको. संध्याकाळी खाली भेटा.

*सायली, बी ४०२:* 😂 काका, एक कुकी मिळेल. दोन-चार नाही.
डॉक्टरांच्या मुद्द्यावरूनच सांगते. ग्लुटेन नाही म्हणजे आपोआप पौष्टिक, असं काही नसतं. दुकानातल्या अशा बऱ्याच बिस्किटांत तांदळाचं पीठ, स्टार्च आणि साखर एवढंच असतं. महागही असतात. आपल्याकडे नाचणी-ज्वारी असताना त्या वाटेला कशाला जायचं?
हे माझं प्रमाण, एका घाण्याच्या साधारण २५ कुकीज होतात:
नाचणीचं पीठ १०० ग्रॅम, ज्वारीचं ७५, बदामाची पूड ७५, तूप ९०, चिरलेला गूळ ९०. दही दोन मोठे चमचे, इसबगोल एक छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ. मसाल्यात सुंठ दीड छोटा चमचा, दालचिनी एक, लवंग पाव, जायफळ पाव आणि मिरीची चिमूट. मिरी सोडू नका. सुंठेचा तिखटपणा सुरुवातीला लागतो, मिरीचा घशाशी.

*निखिल, बी ६०१:* इसबगोल?? मुलांना कुकीतून इसबगोल 😀

*सायली, बी ४०२:* चमचाभरच आहे रे २५ कुकीजमध्ये. गव्हात जो चिकटपणा असतो तो नाचणी-ज्वारीत नाही. ज्वारीची भाकरी थापताना कडा फुटतात ना, तेच कुकीचं होतं, हातात घेतली की भुगा. इसबगोल दह्यात दहा मिनिटं भिजवलं की ते बांधून धरतं.

*जोशी काकू, ए १०२:* नाचणी कच्चट लागते. भाजून घे आधी.

*सायली, बी ४०२:* बरोबर काकू. पीठ मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत परतायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. ज्वारीचं पीठ मात्र ताजंच हवं, जुनं कडू लागतं. तूप पातळ नको, थिजलेलं रवाळ घ्या. तूप आणि गूळ आधी फेसून घ्यायचं, मग दही, शेवटी पीठ आणि मसाले. पीठ सुरुवातीला ओलसर वाटेल, म्हणून वरून आणखी पीठ घालू नका. नाचणी पाणी हळूहळू पिते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं की गोळे वळण्याइतकं घट्ट होतं.
१७० डिग्रीवर १२ ते १४ मिनिटं. रंगावर जायचं नाही, नाचणी आधीच तपकिरी, भाजल्याचं कळणार कसं? कड घट्ट झाली, मधे बोट लावल्यावर किंचित दबतंय आणि लवंगेचा वास स्वयंपाकघराबाहेर आला की काढा. लगेच उचलायच्या नाहीत. गरम असताना मोडतात, ट्रेवरच दहा मिनिटांत कडक होतात.

*रेवाची आई, ए ३०१:* सोडाच घेतलास ते बरं केलंस. काही बेकिंग पावडरमध्ये गव्हाचा स्टार्च असतो.

*डिमेलो मावशी, सी ४०४:* उशिरा वाचलं. माझं माहेर म्हापशाचं. आमच्या नाताळात कुलकुल आणि नेवऱ्या मैद्याच्या, बोलिन्हात रवा. पण दोदोलमध्ये गहू कधी नव्हताच. तांदूळ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ. तांदूळ मी घरीच भिजवून वाटते. कढईच्या कडा सोडून तेल सुटेपर्यंत ढवळायचं, हात भरून येतात, पण करते मी दरवर्षी. पेरूचं पेराद पण आणते, त्यात पेरू, साखर आणि लिंबू. रेवाला दोन्ही चालेल ना?

*रेवाची आई, ए ३०१:* मावशी 🙏 चालेल. फक्त सुरी आणि ताट कुलकुलांच्या जवळ नको.

*डिमेलो मावशी, सी ४०४:* कुलकुल मग घरीच ठेवते. तुम्ही सगळे नंतर घरी या खायला. आणि बदाम-काजू कुणाच्या मुलाला वर्ज्य आहेत का, ते पण विचार सायली.

*सायली, बी ४०२:* हो, मुलांच्या आयांनी आज रात्रीपर्यंत इथेच कळवा.
केकचं काय करायचं? कण सगळीकडे उडणार.

*रेवाची आई, ए ३०१:* आधी कुकीज, दोदोल, पेराद. मुलांचं खाऊन झालं की केक दुसऱ्या टेबलावर कापू. केकचे हात कुकीजच्या डब्यात गेले नाहीत म्हणजे झालं.

*सेक्रेटरी:* दोन टेबलं आणि दोन स्वच्छ चादरी वॉचमनकडे ठेवतो. नंतर हॉल झाडून द्यावा.

*सायली, बी ४०२:* ओव्हन कुणाचा? माझ्यात गेल्या रविवारीच पिझ्झा झालाय.

*रेवाची आई, ए ३०१:* माझ्याकडेच या सगळ्या. भांडी, चाळणी, मिक्सर, ट्रे, सगळं गव्हाशिवायचं आहे. दळणही मीच करून ठेवते.

*जोशी काकू, ए १०२:* आणि माझं दोन किलो पीठ?

*पाटील काका, सी २०१:* इकडे पाठवा. भाकरीला गूळ लागत नाही.

*जोशी काकू, ए १०२:* बरं, निदान मसाला तरी मी कुटते. माझा दगडी खलबत्ता आहे, त्यात गहू कोण कुटतंय!

*रेवाची आई, ए ३०१:* काकू, त्यात हिंग कुटता का?

*जोशी काकू, ए १०२:* कुटते की, खडा हिंग. त्याचं काय?

*रेवाची आई, ए ३०१:* बाजारातल्या हिंगात बरेचदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. डबीच्या मागे बघा.

*जोशी काकू, ए १०२:* थांब, चष्मा आणते.

*जोशी काकू, ए १०२:* आहे गं. गव्हाचं पीठ! इतकी वर्षं घालतेय आमटीत.

*सायली, बी ४०२:* काकू, रिकाम्या हातानं या. २२ तारखेला दुपारी ३ वाजता, ए ३०१.