मदत हवी आहे : हलक्या विमानातून ड्रोन पाडण्याबद्दल

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरात, लश्करला आमच्या गणेशोत्सवात यंदा मी या विषयावर बोलणार आहे. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरची मिराज लढाऊ विमानं बघत मोठी झालेली मुलं समोर असतील, म्हणून चुकीचं काही सांगायचं नाही.

माझी समजूत अशी : रशिया युक्रेनवर सोडतो तो शाहेद, म्हणजे स्फोटकं घेऊन लक्ष्यावर आदळणारा ड्रोन, ताशी साधारण १८५ किलोमीटरने येतो. एवढ्या हळू उडणं जेट लढाऊ विमानाला जड जातं, आणि एकेका ड्रोनमागे महागडं क्षेपणास्त्र परवडत नाही. म्हणून युक्रेनने २०२४ मध्ये याक-५२ हे पंख्याचं, दोन आसनी प्रशिक्षण विमान बाहेर काढलं. वैमानिक ड्रोनच्या बाजूला विमान नेतो, मागच्या आसनावरचा माणूस बंदुकीने नेम धरतो. मला ही युक्ती फार मोलाची वाटते.

अडतंय ते इथे. ड्रोन जवळच फुटला तर विमान वाचावं म्हणून अंतर किती ठेवतात? रात्री तो दिसतो कसा? आणि आपल्या एचटीटी-४० सारख्या भारतीय बनावटीच्या प्रशिक्षण विमानाला असं काम जमेल का? हवाई दलातून निवृत्त झालेले कुणी काका किंवा दादा असतील तर कृपया सविस्तर लिहा. मोरारला असाल तर मी घरी येऊन भेटेन.